‘वयोमानानं होतंय’ म्हणण्याआधी



दोन हिवाळ्यांमागची गोष्ट आहे. रामटेकच्या पुढे, देवलापारच्या बाजूला एका गोंड वस्तीवर आपले आरोग्य शिबिर होते. दुपारपर्यंत शंभराच्या वर माणसे तपासून झाली होती आणि रांग अजून संपली नव्हती. एक आजी नातवाच्या खांद्याला धरून आली. तिला मराठी थोडेच येत होते, ती गोंडीत काहीतरी सांगू लागली. नातवाने तिला मध्येच थांबवले आणि म्हणाला, “बुढी झाली न आता. जेवत नाही, झोपूनच राहते. तिले ताकदीच्या गोळ्या द्या.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले, मी रांगेकडे पाहिले. आजीला ताकदीच्या गोळ्या दिल्या. तक्त्यावर ‘तक्रार’ या रकान्यात मी एकच शब्द लिहिला: वयोमान. तिचे वजन केले नाही. खोकला आहे का, किती दिवसांपासून आहे, हेही कोणी विचारले नाही. तिच्या तोंडून तर आम्ही काहीच ऐकले नाही.

चार महिन्यांनी तिची नात आश्रमशाळेतून सुटीवर घरी आली. आजीची हाडे वर आलेली पाहून ती हट्टालाच पेटली आणि तिला एसटीने सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. थुंकी तपासली तेव्हा क्षयरोग निघाला. सहा महिने औषधे चालली आणि आजी बरी झाली. पण तोवर तिच्या कुशीत झोपणाऱ्या तीन वर्षांच्या पणतूलाही क्षयाने गाठले होते, त्यालाही उपचार घ्यावे लागले. प्रभूच्या कृपेने आज दोघेही ठणठणीत आहेत. पण तो तक्ता अजून माझ्या फायलीत आहे, आणि त्यावरचे अक्षर माझे आहे.

म्हणून या अंकात त्या एका शब्दाविषयी लिहावेसे वाटले.

वयभेद म्हणजे काय?

जात पाहून माणसाला वेगळे वागवले तर आपण त्याला जातिभेद म्हणतो. माणसाचे वय पाहूनच त्याच्याविषयी मत बनवले, त्याचे बोलणे कमी ऐकले, त्याला मिळायला हवी ती तपासणी किंवा उपचार नाकारले, तर तो वयभेद. १९६९ साली अमेरिकेतील रॉबर्ट बटलर या मानसोपचारतज्ज्ञाने या अन्यायाला पहिल्यांदा नाव दिले. वंशभेद आणि स्त्री-पुरुषभेद यांच्याच रांगेत त्यांनी त्याला बसवले.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये याच विषयावर एक अहवाल काढला. जगातील दर दोन माणसांपैकी एकाच्या मनात वृद्धांविषयी असा आकस असतो, असे त्यात म्हटले आहे. आरोग्यसेवेबद्दलचा त्यातील आकडा अधिक बोचणारा आहे. १४९ अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा त्यांपैकी ८५ टक्के अभ्यासांत असे दिसले की, अमुक उपचार कोणाला द्यायचा हे रुग्णाच्या वयावरून ठरत होते. आजार किती, शरीराची ताकद किती, रुग्णाची इच्छा काय, या गोष्टी मागे पडत होत्या.

हे कोणी दुष्टपणाने करते असे नाही. आमच्या शिबिरात कोणीच दुष्ट नव्हते. वयभेद बहुतेक वेळा घाईतून, सवयीतून आणि कधी कधी मायेतूनही होतो. म्हणूनच तो ओळखायला कठीण जातो.

तो कसा ओळखावा?

पहिली खूण म्हणजे प्रत्येक दुखण्याला ‘वय’ हे एकच उत्तर. डॉक्टर मंडळीत एक जुनी गोष्ट सांगतात. म्हातारे गृहस्थ उजवा गुडघा दुखतो म्हणून आले. डॉक्टर म्हणाले, “वय झालं आता.” गृहस्थ म्हणाले, “साहेब, डावा गुडघाही तितक्याच वयाचा आहे, तो का दुखत नाही?” या गोष्टीत मोठे शहाणपण आहे. वय हे निदान नव्हे. विसरायला होते यामागे ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड किंवा मनाची उदासी असू शकते. ऐकू येत नाही म्हणून ज्याच्याशी घरचे बोलायचे थांबले, त्याच्या कानात कधी कधी नुसता मळ असतो. नजर गेली असे वाटते तेथे मोतीबिंदू असतो. थकव्यामागे रक्तक्षय असतो. वारंवार लघवीला जावे लागते यामागे साखर, जंतुसंसर्ग, पुरुषांत प्रोस्टेट, तर स्त्रियांत अंग बाहेर येणे असू शकते. यांतील प्रत्येकावर काही ना काही उपाय आहे. पण ‘वयोमान’ लिहिले की शोध तिथेच थांबतो.

दुसरी खूण म्हणजे रुग्णाशी न बोलता सोबतच्या माणसाशी बोलणे. आजी समोर बसलेली असते आणि प्रश्न जातो मुलाला: “यांना झोप लागते का?” घरच्यांना वाटते आपण मदत करत आहोत. पण अंग बाहेर येण्याची तक्रार कोणतीही आई मुलासमोर सांगत नाही. ती वर्षानुवर्षे सोसते.

तिसरी खूण म्हणजे “आता या वयात कशाला?” हा प्रश्न. मोतीबिंदूचे ऑपरेशन, दाताची कवळी, कानाचे यंत्र, मोडलेल्या खुब्याची शस्त्रक्रिया. घरचे, शेजारी आणि कधी रुग्ण स्वतःही हेच म्हणतो. ज्याचा खुबा मोडला आणि जो तसाच खाटेवर राहिला, त्याला पाठीवर जखमा होतात, छातीत कफ साचतो. त्याचा शेवट पडण्याने होत नाही, पडून राहण्याने होतो.

चौथी खूण उलट बाजूची आहे आणि ती सहज नजरेतून सुटते: गरजेपेक्षा जास्त औषधे. प्रत्येक तक्रारीला एक गोळी मिळत जाते, आधीच्या कोणी बंद करत नाही. झोपेच्या गोळीने म्हातारा माणूस रात्री उठताना पडतो. दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर पोटात जखम होते, मूत्रपिंडावर परिणाम होतो. माणसाचे ऐकण्याऐवजी त्याला गोळ्या देऊन गप्प बसवणे हाही वयभेदच.

पाचवी खूण स्वतःच्या मनातली आहे. “साठी बुद्धी नाठी”, “पिकलं पान” हे ऐकत ऐकत म्हातारी माणसे ते खरे मानू लागतात आणि तक्रार करायचे सोडून देतात. अमेरिकेत बेका लेव्ही या संशोधिकेने २००२ साली दाखवून दिले की, स्वतःच्या म्हातारपणाकडे चांगल्या नजरेने पाहणारी माणसे इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगली.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. म्हातारपणी आजार वेगळे रूप घेऊन येतो. न्यूमोनियात कधी कधी ताप नसतो, माणूस फक्त भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. हृदयविकाराच्या झटक्यात कधी कधी छातीत दुखत नाही, नुसता दम लागतो किंवा चक्कर येते. क्षयात खोकला थोडा असतो, पण वजन उतरते आणि भूक मरते. आमच्या आजीचे नेमके हेच झाले होते. कालपर्यंत नीट असलेली आजी आज एकाएकी बरळू लागली, तर ते म्हातारपण नव्हे. म्हातारपण एका रात्रीत येत नाही. तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवे.

आदिवासी वृद्ध: दोनदा विसरलेले

२०११ च्या जनगणनेत एक योगायोग आहे. त्या वर्षी देशात साठ वर्षांवरील माणसे सुमारे १०.४ कोटी होती, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के. अनुसूचित जमातींची माणसेही सुमारे १०.४ कोटीच, म्हणजे तेही ८.६ टक्के. दोन्ही समूह मागे पडलेले. जो माणूस या दोन्हींत मोडतो, म्हणजे आदिवासीही आहे आणि म्हाताराही, तो दोनदा मागे पडतो.

आपल्या ग्रामीण आरोग्यसेवेची घडी मुख्यतः आई आणि मूल यांच्यासाठी बसवलेली आहे. त्यामागे कारणही होते. मेळघाट आणि गडचिरोली येथील बालमृत्यू आपण सर्वांनी पाहिले आहेत. पण त्या घडीत आजी बसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्रियांची सविस्तर मुलाखत १५ ते ४९ या वयात घेतात, पुरुषांची १५ ते ५४. म्हणजे मूल होण्याचे वय सरले की बाईचा आवाज त्या मोठ्या सर्वेक्षणात मावळतो. वृद्धांची स्वतंत्र पाहणी देशात २०१७-१८ मध्ये झाली. तिच्यात ४५ वर्षांवरील आणि त्यांच्या जोडीदारांसह ७२ हजारांहून अधिक माणसे होती. ते एक चांगले पाऊल होते.

वस्तीवर गेलो की आणखी तीन अडचणी दिसतात.

एक, वय माहीत नसते. ज्यांना जन्मतारीख माहीत नव्हती, त्यांच्या आधार कार्डावर अंदाजाने साल टाकून १ जानेवारी लिहिले गेले. आमच्या त्या आजीच्या कार्डावर वय ६४ आहे आणि तिच्या थोरल्या मुलीचे ६०. कार्डाप्रमाणे आई मुलीहून चारच वर्षांनी मोठी! यावर वस्तीत सगळे हसतात, पण ७० वर्षांवरील आयुष्मान कार्ड तिला याच कारणाने मिळत नाही.

दोन, भाषा. तरुण मुले शाळेत मराठी शिकली. आजी-आजोबा अजून गोंडीतच दुखणे सांगतात. मग नातू सांगेल तेवढेच डॉक्टरांपर्यंत पोचते.

तीन, अंतर आणि मजुरी. म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायचे तर एका कमावत्या माणसाची दिवसाची मजुरी बुडते. मग “पुढच्या बाजाराला पाहू” असे होते, आणि असे किती बाजार जातात.

आणि या माणसांपाशी काय काय आहे ते विसरू नये. १८४५ साली आपल्या नागपुरात आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी शाळा काढल्या, तसेच गोंडांच्या परंपराही लिहून घेतल्या. त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली ते कागद पुस्तकरूपाने आले. त्यातली लिंगोची कथा एका परधानाच्या तोंडून उतरवून घेतलेली आहे. ती कथा कोणत्याही ग्रंथालयात नव्हती, माणसाच्या आठवणीत होती. आजही कोणत्या कंदाला कडूपणा असतो, कोणत्या नाल्याला केव्हा पाणी येते, हे त्या आजीलाच माहीत असते.

प्रत्येक वयोमर्यादा अन्याय नव्हे

येथे थोडे सांभाळून बोलायला हवे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी करतात. विदर्भातील आदिवासी भागांत सिकलसेल मोठ्या प्रमाणात आहे, म्हणून हा प्रश्न आपल्याला वारंवार विचारला जातो: म्हाताऱ्यांना का नाही? हा आजार आईवडिलांकडून मुलांत येतो. पुढच्या पिढीतील आजार टाळण्यासाठी लग्नाच्या आणि मूल होण्याच्या वयाची माणसे आधी घेतली, यामागे कारण आहे. मात्र याचा अर्थ असा नव्हे की पन्नाशीतल्या बाईचे सांधे वारंवार दुखत असतील तर तिची तपासणी करायचीच नाही. मोहिमेची मर्यादा वेगळी आणि रुग्णावरचा इलाज वेगळा.

उलट बाजूनेही वयाचा विचार होतो. कोविडची लस १ मार्च २०२१ पासून साठीवरच्यांना आधी मिळाली, कारण त्यांना धोका जास्त होता. ७ डिसेंबर २०२४ पासून चाललेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेतही साठ वर्षांवरील माणसांना जोखमीच्या गटात धरले होते. तेथे वय पाहिले ते माणसाला वगळण्यासाठी नव्हे, शोधण्यासाठी.

तसेच अगदी थकलेल्या माणसाला मोठी शस्त्रक्रिया झेपणार नाही, असे डॉक्टर सांगतात तेव्हा तो भेदभाव असेलच असे नाही. फरक ओळखायला डॉक्टरांना नम्रपणे तीन प्रश्न विचारावेत. “हेच दुखणे चाळिशीच्या माणसाला असते तर आपण काय केले असते?” “यांच्या बाबतीत ते का करायचे नाही?” “यांना स्वतःला काय हवे, हे आपण विचारले का?” उत्तरात हृदय, फुप्फुस, रक्त, ताकद यांचा उल्लेख आला तर ते वैद्यकीय कारण आहे. उत्तरात फक्त वयाचा आकडा आला, तर आणखी एका डॉक्टरांचे मत घ्यावे.

कायदा आणि योजना

हक्क माहीत असला की माणूस खिडकीपाशी अडखळत नाही. म्हणून थोडक्यात.

• आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठीच्या २००७ च्या कायद्याचे कलम २० सांगते की, सरकारी आणि सरकारी मदत घेणाऱ्या रुग्णालयांत शक्य तोवर सर्व ज्येष्ठांना खाट मिळावी, त्यांच्यासाठी वेगळी रांग असावी, आणि जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी राखीव सोय असावी. ज्येष्ठ म्हणजे ६० पूर्ण.

• ७० वर्षे आणि त्यावरील प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ पासून आहे. वय आधार कार्डावरून धरतात, म्हणून चुकलेली जन्मतारीख कागदपत्रे जमवून आधीच दुरुस्त करून घ्यावी.

• ७० पेक्षा कमी वयाच्यांसाठी राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे.

• एसटीत ७५ वर्षांवरील प्रवाशांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे तिकीट.

• ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत मदतक्रमांक आहे.

• आशाताईंना गावातील ३० वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह आणि कर्करोगाच्या धोक्याबाबत नोंद करायची असते. त्यात वरच्या वयाची मर्यादा नाही. आपल्या आजीची नोंद झाली का, हे आशाताईंना प्रेमाने विचारावे.

पहिल्या मंडळीत हेच घडले होते

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय आपण अनेकदा वाचतो, तो बहुधा सेवकांची निवड म्हणून. पण तेथे निवड का करावी लागली? रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. त्या विधवा होत्या, आधाराविना होत्या, आणि वाटप करणाऱ्यांची भाषा वेगळी होती. देवलापारच्या आजीचे चित्र यापेक्षा वेगळे नाही. ते दुर्लक्ष कोणा शत्रूने केले नव्हते. पवित्र आत्म्याने भरलेल्या मंडळीत, सेवेच्या कामातच ते होत होते.

प्रेषितांनी काय केले? “आमचा हेतू चांगला होता” असे ते म्हणाले नाहीत, तक्रार करणाऱ्यांना गप्पही केले नाही. त्यांनी व्यवस्था बदलली. सात माणसे नेमली, आणि त्या सातांची नावे पाहा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर... सारी ग्रीक नावे. ज्यांच्या विधवा उपाशी राहिल्या, त्यांची भाषा जाणणाऱ्यांच्या हाती त्यांनी वाटप दिलेले दिसते.

लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात पिकल्या केसांपुढे उठून उभे राहण्याची आज्ञा आहे, आणि ती देवाच्या भयाशी जोडलेली आहे. एकाहत्तराव्या स्तोत्रात एक वृद्ध माणूस देवाकडे मागतो की शक्ती सरल्यावर मला टाकून देऊ नकोस. ती प्रार्थना देव ऐकतो. प्रश्न असा आहे की, ती आपल्या शिबिराच्या टेबलावर ऐकू येते का?

आम्ही काय बदलले, आपण काय करू शकता

त्या प्रसंगानंतर आपल्या शिबिरांत काही साध्या गोष्टी सुरू केल्या. तक्त्यावर ‘वयोमान’ हा शब्द लिहायला मनाई आहे. तक्रार लिहायची ती रुग्णाच्या शब्दांत. साठीवरच्यांसाठी वेगळी रांग आणि बसायला बाक असतो. गोंडी बोलणारी एक बहीण टेबलाशी असते, आणि रुग्ण आधी तिच्याशी बोलतो, घरचे नंतर. प्रत्येक वृद्धाचे वजन करतो, रक्तदाब पाहतो, कानात डोकावतो. खोकला आणि वजनाविषयी न चुकता विचारतो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगतो. याने शिबिराला वेळ जास्त लागतो. पूर्वी शंभर माणसे व्हायची तेथे आता साठ-सत्तरच होतात. अहवालात आकडा लहान दिसतो, हे आपणा देणगीदारांना मोकळेपणाने सांगितलेले बरे.

आपल्या मंडळीतही हे करता येईल. उपासनेनंतर एखाद्या वृद्धाच्या शेजारी बसा आणि त्याच्याशीच बोला, त्याच्या मुलाशी नव्हे. महिला मंडळाने आजीबाईंना एकांतात विचारावे की सांगायला लाज वाटते असे काही दुखणे आहे का. तरुण संघाने महिन्यातून एक दिवस कोणाला तरी दवाखान्यात नेण्यासाठी द्यावा, म्हणजे घरच्यांची मजुरी बुडणार नाही. ज्यांना कागदपत्रांची कामे जमतात त्यांनी आधारवरची जन्मतारीख दुरुस्त करायला मदत करावी. आणि आपल्यातील जे ज्येष्ठ हे वाचत आहेत, त्यांना हात जोडून विनंती की, “आता काय राहिलंय” असे म्हणून दुखणे लपवू नका.

मागच्या उन्हाळ्यात पुन्हा त्या वस्तीवर गेले होते. आजी पहाटे मोहफुले वेचून आली होती आणि अंगणात वाळत घालत होती. पणतू मध्येच मूठभर उचलून पळत होता आणि ती त्याच्यावर गोंडीत ओरडत होती. मी गोंडी बोलणाऱ्या बहिणीला विचारले, “त्या दिवशी शिबिरात आजी काय सांगत होती, तिला आठवते का?”

तिला आठवत होते. ती म्हणाली, “मी सांगत होते की रात्री खोकला येतो, अंग घामाने भिजते. कोणी ऐकलं नाही.”

प्रार्थनेसाठी विषय: आपल्या वस्त्यांवरील वृद्धांसाठी, त्यांची सेवा करणाऱ्या आशाताई, परिचारिका व डॉक्टरांसाठी, आणि आम्हा सेवकांना ऐकणारे कान मिळावेत म्हणून.

प्रभू आपणांस व आपल्या घरातील वडीलधाऱ्यांस आशीर्वादित करो.